चढाचा पंखा

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सोमाटण्याच्या माळावर आम्ही दोघा मित्रांनी एक जुनं, दोन माणसांचं विमान ठेवलं होतं. त्याची देखभाल करणारे मिस्त्री कामशेतचे. बोलता बोलता "व्हय का न्हाई?" विचारायची त्यांना सवय होती, उत्तराची मात्र ते वाट पाहत नसत.

विमानाचं इंजिन दमलं होतं. दोघं बसलो की समोरची टेकडी जेमतेम ओलांडली जायची. म्हणून आम्ही जास्त ताकदीचं इंजिन आणलं. त्याच्या पुढे बसवायला लाकडी पंखे दोन मिळाले, एक वेगाचा, वर गेल्यावर विमान जोरात पळवणारा, आणि एक चढाचा, विमान लवकर उंच नेणारा. मला वेग हवा होता.

मिस्त्रींनी दोन्ही पंख्यांच्या पात्यांवरून तळहात फिरवून पाहिला.

"वेग वर गेल्यावर, साहेब. आदी टेकडी. व्हय का न्हाई?"

त्यांनी चढाचा पंखा बसवला.

पहिल्या उड्डाणाला मी एकटाच निघालो होतो. तेवढ्यात मिस्त्री पुढच्या जागेवर चढून बसले. ते आजवर कधी उडाले नव्हते. त्यांनी पट्टा दोनदा आवळून पाहिला.

"उतरा, मिस्त्री. आज काही सांगता येत नाही."

"पंखा म्या निवडलाय. चुकला आसंल तर तुमी एकट्यानं का भोगायचं?"

मी विमान माळावरून पळवलं आणि वर घेतलं. टेकडी कितीतरी खाली राहिली.

उतरल्यावर माळावर जमलेल्या लोकांनी त्यांना गराडा घातला. वरून आपलं मावळ कसं दिसतं, असं जो तो विचारू लागला.

"मला काय ठावं?" मिस्त्री ऐटीत म्हणाले. "मी पंखा ऐकत हुतो."