मागच्या दिव्याची वेगळी घुंडी

डोळे मिटले की मला आधी धूळ दिसते. कळंबहून येणाऱ्या वाटेवरची, संध्याकाळच्या उन्हात जागच्या जागी तरंगणारी. मग त्या धुळीतून लॉरीचं नाक येतं, मागून तिचा ट्रेलर येतो, आणि मी पुन्हा नवी सून होते. घरातले म्हणतात, म्हातारी बसल्या बसल्या झोपते. झोपते कुठली! मी बघत असते.

जर्मनची लढाई संपली तेव्हा लष्करी गाड्यांचा लिलाव झाला. कळंबच्या एका अडतदारानं त्यातली लॉरी घेतली, मागं जोडायचा ट्रेलरही घेतला. आमचे हे त्या लॉरीवर डायव्हर. भुईमुगाच्या शेंगांची पोती भरायची, निजामाचा नाका ओलांडायचा आणि बार्शीच्या बाजारात उतरवायची. बार्शी म्हणजे तेव्हा इंग्रजांचा मुलूख. मला ती स्वप्नातल्या गावासारखी लांब वाटायची. हे तिथून परत यायचे तेव्हा अंगाला शेंगांच्या टरफलांचा वास असायचा. तो मला लई आवडायचा. बोलायची सोय नव्हती, वासावरच भागवायचं.

त्या सुगीत सांजेला एक बैलगाडी नाक्यावर उभ्या ट्रेलरवर मागून आदळली. बैल वाचले, नशीब. पण ट्रेलरचा मागचा दिवा बंद होता, हे खरं. त्याची तार पुढच्या दिव्यांच्याच तारेला जोडलेली. मागचा लावला की पुढचे मिणमिणायचे, वाट दिसायची नाही, म्हणून हे मागच्याची तार सोडूनच ठेवायचे. अडतदार चिडला. म्हणाला, उद्या दिवेलागणीपर्यंत मागचा दिवा नीट झाला तर लॉरी तुझ्याकडं, नाही तर मुनीम येऊन हँडल घेऊन जाईल. लॉरी हँडल मारून चालू व्हायची. ज्याच्या हातात हँडल, तो डायव्हर. बार्शीचा दुसरा एकजण टपूनच बसला होता.

दुसऱ्या दिवशी लॉरी आमच्या दारात, लिंबाखाली. ह्यांनी बॅटरीपासून वेगळी तार काढली, स्टेअरिंगखाली पितळेची घुंडी बसवली आणि तिथून तार गाडीच्या पोटाखालून सुतळीनं बांधत मागं नेली. ट्रेलर जोडतात तिथं तारेचं एक वेटोळं सैल सोडलं, वळणावर ताण बसू नये म्हणून. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या विळीवर कापून मी दारातून सरकवत होते आणि हे त्या जोडांवर गुंडाळत होते. दिवसभर आम्ही दोघं एकच काम करत होतो, एक शब्द न बोलता. इतकं सुख मला त्या घरात तोवर मिळालं नव्हतं.

ऊन उतरलं. घुंडी पुढं, दिवा मागं. बसल्या जागेवरून ह्यांना काही दिसणार नव्हतं. मागं कुणीतरी उभं राहून सांगायला हवं. मामंजी ओट्यावर, लॉरीच्या नाकासमोर बसलेले, आणि सासऱ्यादेखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ओरडून तर नाहीच नाही. म्हणून सासूबाईंना उभं केलं. मी चौकटीआड. तिथून मला मागचा दिवा नीट दिसत होता.

ह्यांनी घुंडी फिरवली. दिवा लागला. लालभडक, धुळीवर त्याचा उजेड कुंकवासारखा सांडला. आणि सासूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागल्या. तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे, मग तो देवघरातला असो की लॉरीचा! त्या नमस्कारात त्या कुणाच्या बापाला ओ देत नसत.

"आई, लागला का?"

सासूबाई देवाशी बोलत होत्या. बॅटरी जुनी, मागं जाऊन बघेस्तोवर उतरेल या भीतीनं ह्यांनी घुंडी बंद केली. मग सासूबाईंनी डोळे उघडले.

"लागला हुता बाबा. आता न्हाय."

ह्यांना वाटलं, जोड ढिला आहे, लागतो आणि जातो. परत गाडीखाली शिरले, सगळ्या पट्ट्या सोडल्या, सगळ्या पुन्हा गुंडाळल्या. घुंडी फिरवली. दिवा लागला. सासूबाईंचे डोळे मिटले.

सासूला चूक दाखवायची, तीही मामंजींसमोर? तेवढ्यात वाटेच्या टोकाला मुनीमाचं तट्टू दिसलं. हे गाडीखालून निघाले, तोंड काळं, पार रडकुंडीला आलेले. म्हणाले, "जाऊ द्या, द्या त्याला हँडल." शेवटचं म्हणून त्यांनी घुंडी फिरवली. दिवा लागला. सासूबाईंनी हात जोडले.

आणि मी ओरडले.

"लागलाय! दिवा लागलाय, घुंडीला हात लावू नका!"

डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला मला कळलं नाही. हे धावत मागं आले आणि त्या लाल दिव्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मुनीम तट्टावरून उतरला, दिवा पाहिला, पोती सकाळी भरा म्हणाला आणि आल्या वाटेनं परत गेला. मामंजी ओट्यावरून उठले, खाकरले. मला वाटलं, आता माहेरची वाट. ते एवढंच म्हणाले, "सूनबाईला आवाज हाय म्हणायचा." सासूबाई म्हणाल्या, "म्या समजत हुते, मुकी पोरगी गळ्यात मारली."

पुढं लॉरी गेली, निजाम गेला, घरात वीज आली. शेवटी शेवटी ह्यांची नजर गेली. ओट्यावर बाजेवर पडून असायचे. दिवेलागणीला मी बटन दाबायचे, आणि बाहेरून आवाज यायचा, "लागला का?" मी म्हणायचे, "लागलाय." भांडण झालेलं असलं तरी हे चुकायचं नाही.

एका सांजेला बाहेरून आवाज आला नाही. मी बटनापाशी थांबले. मग चौकटीत आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "लागलाय."