मिठागरातला मनोरा
एकोणीसशे पन्नासच्या सुमारास कांजूरमार्गच्या मिठागरांत विजेचे मनोरे उभे राहत होते आणि मी तिथे बोल्ट आवळायच्या कामावर होतो. पहिल्यांदा टोकाला पोचलो आणि डोळे मिटून लोखंडाला मिठीच मारली. शेजारून जोडीदार ओरडला, “अरे, लग्न लागलंय काय तुझं त्याच्याशी? पाना फिरव!”

फिरवला. बोल्ट घट्ट बसल्याचं हाताला कळलं तसे डोळे उघडले. खाली खाडी चमकत होती. आनंदाने मी दोन्ही हात वर केले. कमरेच्या पट्ट्यामुळे मी वाचलो, पाना मात्र चिखलात गेला. उतरून तो शोधला, पुन्हा चढलो आणि संध्याकाळपर्यंत हावरटासारखा बोल्ट आवळत राहिलो.

घरी आई म्हणाली, “माळ्यावरचा डबा काढ रे.” स्टुलावर चढलो तर पाय लटपटायला लागले. शेवटी डबा आईनेच काढला.