आधी भोंगा, मग सुई

"मी उनू रे भो, मी उनू! पों... पों..."

नाल्याकडच्या चिंचेपाशी सायकल आली की 'आलो, आलो' अशी ही आरोळी सुरू व्हायची, आणि शाळेत बसल्या जागी माझं डोकं फिरायचं. दर थंडीत गावोगाव फिरून पोरांना देवी टोचणारे हे सरकारी गृहस्थ. डॉक्टर नव्हतेच, पण गावाने त्यांना 'डाक्टर' करून टाकलं होतं. सायकलच्या हँडलला पितळी भोंगा, त्याला मुठीएवढा रबरी फुगा. भोंग्याने भागत नसे म्हणून वर तोंडाने हाकाटी. तुम्हीच सांगा, कोंबडं पकडायला निघालेला माणूस कधी ढोल बडवत जातो का?

आमच्याकडे बायकांना या सुईची भारी धास्ती. टोचलं की पोराला ताप भरतो, दंड सुजतो, आणि देवीचा कोप होतो तो वेगळाच. भोंगा वाजला की आया पोरं उचलत. सायकल चावडीशी येईपर्यंत निम्मी पोरं कापसाच्या शेतात, निम्मी धानोऱ्याच्या वाटेला. मी शाळामास्तर, म्हणून पोरं गोळा करण्याचं काम माझ्या गळ्यात. हातात नावांची यादी घेऊन मी उभा, आणि यादीतलं एक पोर जागेवर असेल तर शपथ!

"अहो डाक्टर, जरा गपचूप येत जा की!"

"चोर शे का मी?" ते सायकल लिंबाला टेकवत म्हणायचे. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायचे, बिडी पेटवायचे आणि खुशाल बसायचे. "काय घाई शे, मास्तर? भूक लागनी म्हंजे येतीन सगळा."

आणि ती कार्टी यायचीसुद्धा! दुपार कलली की एकेक करून भाकरीसाठी घरी परतायची. मग डाक्टर प्रत्येक दाराशी जाऊन आईशी आधी जोंधळ्याच्या, गाईच्या, माहेरच्या गप्पा मारणार, आणि मग कुठे सुई काढणार. दिवसाकाठी दहा-पंधरा पोरं व्हायची. उरलेल्यांसाठी पुन्हा फेरी, पुन्हा तोच भोंगा. माझी शाळा बुडायची ती वेगळी. बरं, रागवावं तर माणूस असा की माझ्यावरच हसायचा.

एका वर्षी मात्र माझा धीर पार सुटला. लोणखेड्याच्या अलीकडच्या एका गावात देवी आल्या होत्या. दोन पाळणे रिकामे झाले होते. आमच्या गावात त्या आठवड्यात डाक्टर आले, ते पों पों करतच. सकाळ सगळी लिंबाखाली गेली. माझा जीव टांगणीला लागला होता. या बाबाच्या भोंग्यापायी आमचीही पोरं जाणार, याचा मला मनस्वी संताप आला होता.

दुपारी ते माझ्याकडे जेवले. नाल्यापलीकडच्या दहा-बारा घरांत अजून जायचं होतं. ते हात धुवायला गेले आणि मी, पोरांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, भोंग्याचा रबरी फुगा उपटून कोटाच्या खिशात घातला.

"फुगा कुठे पडना भो?" ते सायकलभोवती फिरून शोधू लागले. थंडीने त्यांचा घसाही बसला होता, हाक मारायची सोय नव्हती. "मंग आज नको, मास्तर. उद्या जाऊ."

"उद्या? देवी तुमच्या पों पोंसाठी थांबणार आहे का?" मी ओरडलो. सायकल मीच ओढत नेली. ते मागून चालत आले.

पहिलं घर उखाबाईचं. तिला चार महिन्यांची मुलगी होती. ती अंगण झाडत होती. आम्ही एकदम समोर दिसलो तशी केरसुणी टाकून आत धावली, आणि तितक्याच झपाट्याने रिकाम्या हाताने बाहेर आली.

"पोर घरमा नही शे. मामाना गावले गयी."

मी तोंड उघडणार, एवढ्यात डाक्टर तिला बाजूला सारून आत घुसले. इकडेतिकडे न बघता थेट कणगीकडे गेले. कणगीवरचं टोपलं फेकलं, पोतं ओढलं आणि जोंधळ्यातून ती मुलगी बाहेर काढली. ती काळीनिळी पडली होती. त्यांनी तिला पालथं केलं, तोंडात बोट घालून दाणे काढले, पाठीवर थापा मारल्या. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. मग ती रडली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

"मन्ही पोर आत्ते मरी जाती ना!" म्हणत उखाबाईने डाक्टरांना शिव्यांची लाखोली वाहिली. खरं तर त्या माझ्या वाट्याच्या होत्या. डाक्टरांनी खाली मान घालून त्या ऐकल्या आणि सुई न काढताच बाहेर आले.

नाल्याशी मी खिशातून फुगा काढून त्यांच्या हातात ठेवला. मला लाज वाटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फुगा धोतराला पुसला, भोंग्याला बसवला.

"नोकरीनं पहिलं साल व्हतं," ते म्हणाले. "अशीच एक मायनी घाईमा पोर कणगीमा टाकी दिन्हं. मी तठेच दारमा बठेल व्हतू, मास्तर. बिडी पी ऱ्हायंतू."

ते पोर वाचलं नव्हतं, हे मला कळलं. सायकलवर बसताना एवढंच म्हणाले, "दपाडू द्या त्यास्ले. पन निवांत दपाडू द्या."

लपवू द्या, पण निवांत लपवू द्या. दुसऱ्या दिवशी चिंचेपासून पुन्हा पों पों आली. बसल्या घशाने डाक्टर ओरडत होते. उखाबाई मुलगी घेऊन शेतात गेली, आणि दुपारी आपणहून टोचायला घेऊन आली.

पुढे एका थंडीत डाक्टर आलेच नाहीत. तापाने गेले, असं बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांच्या जागी एक तरुण गृहस्थ आले. सायकल कोरी करकरीत, हँडल मोकळं.

"गुरुजी, चला नाल्यापलीकडे," ते हळूच म्हणाले. "चाकांना तेल दिलंय. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

मी त्यांच्यापुढे धावत सुटलो. धोतर सावरत, टोपी हातात घेऊन, नाल्याच्या काठावर उभा राहिलो आणि पन्नाशीच्या घशाने ओरडलो, "उनू रे भो, उनू! पों... पों..."

मागून शाळेतली पोरं खो खो हसली. नवे गृहस्थ कपाळाला हात लावून उभे राहिले. पलीकडे दारं उघडली. बायका पोरं कडेवर घेऊन शेताकडे निघाल्या. सावकाश चालत निघाल्या, धावत कुणीच नव्हतं.