केसपेपरच्या रांगेतलं नामस्मरण

"अहो, पोरीच्या बापाचं नाव सांगा, नाव! त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही!"

केसपेपरच्या खिडकीतल्या मॅडम अशा गरजल्या, की अंबडच्या कंपन्यांचे भोंगे लाजावेत. खिडकीशी उभी होती आमची भाडेकरू मनमाया, नेपाळची. कडेवर दीड वर्षाची लेक, तापानं अशी फणफणलेली की तिच्या कपाळावर पापड भाजला असता. परमुलखातल्यांना सरकारी दवाखान्यात कोण उभं करणार, म्हणून ही तीन दिवस घरीच पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती. शेवटी मीच तिला ओढत आणलं. "चल, अख्खा दवाखाना मला ओळखतो," अशी थापही मारली. आणि आता खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली, तर ही नवऱ्याचं नाव घेईना. "नको काकू, त्यांचं आयुष्य कमी होतं." लिहिता येत नाही, आणि नवरा रात्रपाळी करून फोन बंद ठेवून झोपलेला.

मी ऐटीत म्हटलं, "लिहा, बहादूर. वॉचमन आहे तो."

"वॉचमन दिसला की बहादूर! खरं नाव काय?"

माणूस दोन वर्षं माझ्या घरात राहतो आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मागून इगतपुरीकडच्या एक आजी पुढं सरकल्या. "आमी तरी कुठं घेतो धन्याचं नाव? पोरी, देवाचं नाव हाय ना? आमी बोलतो, तू मान हलव."

झालं! गणेश, महादेव, राम, किसन! मालेगावच्या एका चाचांनी "हनुमान?" करून बघितलं. मी खंडेराव म्हटलं, तर कुणीतरी डाफरलं, "मावशी, खंडेराव नेपाळात काय करतोय?" तेहतीस कोटींतले निम्मे तरी आम्ही संपवले असतील. मनमाया आपली नाही नाही म्हणतेय. मॅडमनी घड्याळ बघितलं. पोर रडायचीही थांबली, तशी माझ्यातली सगळी हवा गेली. ना नवस सुचला, ना बढाई. डोळे मिटून वणीच्या आईला एवढंच म्हटलं, "आई, मला काही येत नाही. आता तूच बघ."

तेवढ्यात पायाला बँडेज बांधलेले, इतका वेळ गप्प उभे असलेले एक आजोबा हळूच म्हणाले, "मुकुंद?"

मनमायानं ओढणीत तोंड लपवलं आणि मान हलवली. रांगेनं टाळ्या पिटल्या. मघाशी ओरडणाऱ्या मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि पोरीला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. सलाईन लागलं. चौथ्या दिवशी पोर माझं मंगळसूत्र ओढत, खिदळत घरी आली.

आजोबांच्या पाया पडावं म्हणून मी सगळे वॉर्ड पालथे घातले, पण ते काही भेटले नाहीत. कोण होते, मी सांगणार नाही. मी हात टेकले तेव्हाच त्यांनी तोंड उघडलं, एवढं मात्र शपथेवर सांगते. त्या दिवसापासून आईपुढं गेले की मी काही मागत नाही, काही सुचवत नाही. नुसती उभी राहते. माझ्यासारखीला हे किती अवघड आहे, ते तिलाच ठाऊक.

केसपेपर निघाला त्याच संध्याकाळी मुकुंदाला सगळा चमत्कार रंगवून सांगितला. बँडेजमधून उजेड फाकत होता, हेही घातलं. तो ड्यूटीचे बूट चढवत शांतपणे ऐकत होता. नाडी बांधून झाल्यावर उठला आणि म्हणाला, "काकू, मला कधी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."