पाटिन हे आडनाव नव्हतं

आईच्या हृदयाची झडप बदलावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी दत्तमहाराजांवर मनातून रागावलो होतो. आई एकोणऐंशी वर्षांची. बाबा गेल्यापासून ती सिंगापूरला आमच्याकडे, बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये असते. दर गुरुवारी उपास, रोज सकाळी माळ, त्यात कधी खंड नाही. आणि तिच्याच वाट्याला हे यावं? मी स्वतः फारसा भाविक नव्हतो. हात जोडायचो, पण आईला बरं वाटावं म्हणून.

हॉस्पिटलमधून परत येताना टॅक्सीत आई म्हणाली, "ऑपरेशनला मी भीत नाही रे. फक्त एक राहून गेलंय. माझ्या आजीचं, आईच्या आईचं नाव मला ठाऊक नाही. एकदा तिचं नाव घेऊन हात जोडायचे होते."

आईची आई, म्हणजे माझी आजी लीना, जर्मन होती. आजोबा साखरेचं रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला गेले आणि तिथून तिच्याशी लग्न करून परतले. पुढे जन्मभर ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. लीनाआजी मराठी बोलायची, नऊवारी नेसायची. आई नऊ वर्षांची असताना ती तापाने गेली. आजोबांनी नंतर तो विषय कधी काढला नाही, आणि त्यांचे सगळे कागद पानशेतच्या पुरात वाहून गेले. उरला एकच फोटो: दहाएक वर्षांची लीना आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली एक बाई. फोटोच्या मागे जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. माझ्या बाबांनी फार वर्षांपूर्वी त्यातलं जेवढं लागलं तेवढं वहीत उतरवलं, 'लीना पाटिन, नॉएनकिर्शेन', आणि फोटो फ्रेममध्ये बंद केला. तेव्हापासून आजीचं माहेरचं आडनाव पाटिन आणि शेजारची बाई तिची मोठी बहीण, असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्याआधीची दोन वर्षं मी आजीचं माहेर शोधत होतो. जर्मनीत घराण्याची माहिती मिळवायची साधनं किती आहेत, हे कळल्यावर मी आधी हरखूनच गेलो होतो. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, सरकारी जन्म-मृत्यू कचेऱ्या, बोटींच्या उतारूंच्या याद्या, शहरांची जुनी पत्त्यांची पुस्तकं. काही गावांत तर कुणा निवृत्त मास्तरांनी वर्षानुवर्षं खपून सगळ्या गावाची कुळं एका ग्रंथात मांडलेली. पण नॉएनकिर्शेन नावाची गावं तिकडे ढिगाने. मी एकेका ठिकाणी पत्र लिहायचो आणि एकेका ठिकाणाहून अगदी सभ्य नकार यायचा: पाटिन आडनावाचं कुटुंब आमच्याकडे नोंदलेलं नाही. शेवटी मी नाद सोडला होता. 

ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्या शनिवारी देवघर पुसताना तिथे ठेवलेला तो फोटो माझ्या हातून पडला आणि काच फुटली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. आई शांतपणे म्हणाली, "पडू दे. नवी काच बसवून आण. हॉस्पिटलमध्ये मला तो जवळ हवाय."

फ्रेमच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने फोटो सोडवून काउंटरवर पालथा ठेवला. माझ्या शेजारी एक चिनी आँटी उभ्या होत्या, सत्तरीच्या, छोटे पांढरे केस, हातात नातीचं सर्टिफिकेट. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि मला इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरात कोणी जर्मन आहे का?"

मी चकित होऊन हो म्हणालो. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत असं वाचलं, जणू किराण्याची यादी वाचताहेत: "लीना, तिची पाटिन डोरा ब्रेम हिच्यासोबत. नॉएनकिर्शेन."

"लीना पाटिन," मी म्हणालो. "ते आडनाव आहे."

"आडनाव नाही, लाह!" त्या खास सिंगापुरी ढंगात हसल्या. "पाटिन म्हणजे गॉडमदर. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेऊन देवापुढे उभी राहते ती. ही बाई बहीण नाही, धर्माची आई आहे."

हे वळण तुम्हाला कसं वाचता येतं, असं मी विचारलं. आँटींनी तरुणपणी उत्तर जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात वीस वर्षं नर्स म्हणून काम केलं होतं. तिथली म्हातारी माणसं याच वळणात पत्रं लिहायची, आणि त्यांची नजर गेली की ती वाचून दाखवायचं काम आँटींकडे यायचं. साठ लाखांच्या या शहरात ही अक्षरं वाचणारी माणसं असून असून किती असतील? त्यातली एक नेमकी त्या वेळी, त्या काउंटरवर, माझ्या कोपराला कोपर लावून उभी होती. कोपऱ्यातला पुसट झालेला फोटोग्राफरचा शिक्काही त्यांनीच उजेडात धरून वाचला. त्यात जवळच्या शहराचं नाव होतं. म्हणजे ढिगातलं नेमकं नॉएनकिर्शेन कोणतं, तेही कळलं!

निघताना त्यांनी माझ्या फोनमध्ये आपला नंबर घातला. "बाप्तिस्म्याच्या नोंदीत गॉडमदरचं नाव लिहिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "आडनाव नका शोधू. डोराला शोधा."

घरी येऊन मी त्याच दुपारी त्या भागातल्या चर्चच्या दप्तरखान्याला लिहिलं, फोटोच्या दोन्ही बाजू जोडल्या. मग वाट पाहणं. आई अगदी स्वस्थ होती आणि मी मात्र दिवसातून वीसदा मेल उघडत होतो. जुरोंग आयलंडला मी नोकरी करतो त्या प्लांटमध्ये फोन आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिथे काम करताना माझं अर्धं लक्ष त्या लॉकरमध्ये असायचं. अकराव्या दिवशी, काम सुटल्यावर, कंपनीच्या बसमध्ये चढता चढता फोन सुरू केला आणि उत्तर समोर आलं.

कारोलिना, घरात लीना. वडील सुतार, आडनाव हार्म्स. पाटिन, डोरा ब्रेम. आई, आना मार्गारेटा.

मी बसच्या पायरीवरच थांबलो. मागचे लोक ढकलायला लागले. "काय झालं?" शेजारच्या तमिळ सहकाऱ्याने विचारलं. "माझी पणजी सापडली!" मी इतक्या जोरात म्हणालो की अख्खी बस वळून बघायला लागली. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळेच वाजवायला लागले. त्या गलक्यात मी आईला फोन लावला.

"आना मार्गारेटा," मी सांगितलं.

 आई हळूच म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ते नाव तिने स्वतः उच्चारलं, आणि पूजेच्या घंटेचा आवाज ऐकू आला. ती देवघरापाशीच बसली होती.

पण कृपा आमच्या मागण्याएवढीच मोजून आली नाही. दप्तरखान्यातल्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं की त्या गावचा कुळांचा ग्रंथ तयार करणाऱ्या मास्तरांना त्यांनी विचारलंय. लीनाच्या धाकट्या भावाची मुलगी हेल्गा त्याच गावात, लीनाच्या माहेरच्या घरात राहते आणि तिला आमच्याशी बोलायचंय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे तिकडे सकाळी, व्हिडिओ कॉल ठरला. मी आँटींना दुभाषी म्हणून बोलावलं. गळ्यात क्रॉस असलेल्या आँटी दाराबाहेर चपला काढून आल्या आणि दत्ताच्या तसबिरीखाली आईच्या शेजारी बसल्या. स्क्रीनवर एक गोरी म्हातारी आली. आई बघतच राहिली. "अरे, हिची हनुवटी बघ! माझीच आहे!" तिकडे हेल्गासुद्धा बोटाने आपली हनुवटी दाखवत जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली आणि आँटी खळखळून हसल्या. "ती पण हेच म्हणतेय."

मग हेल्गा जे बोलली ते सांगताना आँटींचा आवाज बदलला. महायुद्धात पत्रं थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. लीना जिवंत आहे की नाही, घरी कुणालाच कळलं नाही. तेव्हा आना मार्गारेटाने दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सुरू केली: 'लीनासाठी, आणि तिचे जे कोणी असतील त्यांच्यासाठी.' मरताना तिने ती मुलाकडे सोपवली, मुलाने हेल्गाकडे.

"अजून करते," हेल्गा म्हणाली. "या रविवारीसुद्धा केली. तुमची नावं माहीत नव्हती, म्हणून तशीच करायची."

आईने दोन्ही हात जोडले. तिकडे हेल्गानेही, आईचं बघून, तसेच जोडले. आँटींना त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आत नेताना तिचा चेहरा माहेरी निघालेल्या मुलीसारखा होता. मी मात्र बाहेरच्या बाकावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणाला बरं वाटावं म्हणून नव्हे, तर खरोखर माळ हातात घेतली. महाराज, तुमची मर्जी, एवढंच म्हणत राहिलो. पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं नीट झालं.

आज आई रोज संध्याकाळी खाली इमारतीच्या बागेत फिरते आणि रविवारी हेल्गाशी बोलते. दोघींचं इंग्रजी अगाध आहे, पण अडत नाही. हा चमत्कार होता का, असं मला कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलंय की ज्या दोन वर्षांत मी एकटाच धडपडतोय असं मला वाटत होतं, त्या दोन वर्षांतला एकही रविवार आमच्यासाठी कोणी देवापुढे उभं राहिलं नाही, असा गेला नव्हता. माझी आई माळ ओढत होती आणि सात समुद्रांपलीकडे तिची मामेबहीण तिच्यासाठी, तिचं नावही ठाऊक नसताना, मागत होती. मी काय केलं? एक फोटो हातातून पाडला. बाकी सगळं त्याने केलं.