भिंतीवर चौथी गोष्ट

आमच्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर तीनच गोष्टी होत्या: घड्याळ, साधा लाकडी क्रूस आणि बाबांचा फोटो. चौथी लागणार नाही, असं आईने मला स्वच्छ सांगितलं होतं. लागणारच, असं मीही तितकंच स्वच्छ सांगितलं होतं. खाण तशी माती.

चौथी गोष्ट म्हणजे मी रंगवत असलेला येशूचा चेहरा. बायझंटाईन पद्धतीचा आयकन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चमध्ये असतं तसं फळीवरचं पवित्र चित्र. दर शनिवारी मेट्रोने दिल्लीला जाऊन मी तो केरळच्या एका ननकडे, सिस्टरकडे, शिकत होते. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूचे थर द्यायचे, मग अंड्यातला पिवळा बलक वेगळा काढून त्यात रंगाची पूड कालवायची. चेहरा आधी सगळा काळपट करायचा आणि मग एकेक हात देत उजळत न्यायचा. "और पानी से बचाना," सिस्टर दर वेळी बजावत. हा रंग पक्का व्हायला महिनोन्‌महिने लागतात.

आईचं दुखणं वेगळं होतं. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पणजोबांनी देवघरातले देव गोदावरीत सोडून बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट आमच्या घरात दर नाताळला सांगितली जाते. आमच्या चर्चमध्ये चित्र नाही, मूर्ती नाही. बाबांच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी आईचं अर्धं आयुष्य दिल्लीत गेलं, पण याबाबतीत ती नगरहून हललेलीच नाही.

"पणजोबांनी देव नदीत सोडले ते काय तू फळीवर परत आणावेस म्हणून?"

"मी पूजा कुठे करतेय, आई?"

"आज नाही करणार. उद्या उदबत्ती लावशील. बिल्कुल नको."

गंमत म्हणजे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी बायझंटाईन साम्राज्यात पिढ्यानपिढ्या हेच भांडण चाललं होतं. सम्राटाने हुकूम काढायचा, चित्रं फोडायची, चुना फासायचा. मठातल्या साधूंनी मार खायचा आणि चित्रं लपवून ठेवायची. आमच्याकडे सम्राट आईच होती, आणि मठ म्हणजे माझी खोली. तिथे अंड्यांचा वास कोंडलेला असायचा.

बाबांच्या फोटोचं मात्र तिला काही वाटत नसे. बाबा गेल्यापासून रोज सकाळी चहा उकळत ठेवला की ती फडकं ओलं करून पिळायची आणि फोटोची काच पुसायची. हनुवटीपासून कपाळापर्यंत, हळूहळू. पुसता पुसता बाबांना घरातलं सगळं सांगायची. विजेचं बिल, खालच्या मजल्यावरचं भांडण, माझा हट्ट. एकदा मी मुद्दाम विचारलं, "तू त्या कागदाशी बोलतेस का गं?"

"कागदाशी कशाला बोलू? तुझ्या बाबांशी बोलते."

"अगं, चित्रं वाचवणारे साधूसुद्धा हेच म्हणायचे! मान फळीला नाही, ज्याचा चेहरा आहे त्याला."

तिचं फडकं बाबांच्या कपाळावर थांबलं. वाटलं, जिंकले. मग म्हणाली, "तुझे बाबा देव नव्हते. चहा गाळ."

मला राग यायला वेळ लागत नाही, आणि उतरायला फार लागतो. त्याच आठवड्यात मी करोल बागेत जाऊन सोन्याचा वर्ख आणला. दुकानदाराने विचारलं, "मंदिर के लिए?" मी म्हटलं, "घर के लिए. ज़्यादा मुश्किल काम है." त्याला काही कळलं नाही, पण वर्ख चांगला दिला. येशूच्या डोक्यामागे तो चिकटवला आणि एका रविवारी, आई चर्चला गेलेली असताना, बाबांच्या शेजारी खिळा ठोकला.

आई आली, तिने पाहिलं, आणि आत गेली. फळी काढली नाही. पण त्या दिवसापासून ती हॉलमध्ये भिंतीकडे पाठ करून बसू लागली. भिंत मिळाली होती, पण मला भिंत कुठे हवी होती? तिने एकदा त्या चेहऱ्याकडे नीट बघावं, एवढंच हवं होतं. ती बघत नव्हती आणि मला आतून रडू यायचं.

मग एका सकाळी नोएडाच्या ऑफिसला निघायच्या गडबडीत मी हॉलमध्ये आले. आई भिंतीसमोर उभी होती, हातात ओलं फडकं. येशूचा डावा गाल पुसला गेला होता. खालचा काळपट थर उघडा पडला होता आणि सोनं ओरबाडल्यासारखं झालं होतं.

"आई! काय केलंस हे? एवढं नको होतं तर सांगायचं होतंस!"

सांगितलं तर तिने शंभरदा होतं. पण ती ते म्हणाली नाही. फडक्यावरच्या तपकिरी डागाकडे बघत राहिली.

"धूळ बसली होती गं. बाबांना पुसलं, म्हटलं ह्यालाही पुसावं. बोलता बोलता लक्षातच आलं नाही, रंग सुटतोय ते."

मी तिच्या हातून फडकं घेतलं. विचारलं, "काय सांगत होतीस त्याला?"

"दुसरं काय? तुझा हट्ट."

मी ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली आणि फळी खाली उतरवली. गाल पुन्हा काळ्यापासून उजळत आणायचा होता. स्वयंपाकघरात फ्रिज उघडल्याचा आवाज आला. आई वाटीत अंडं फोडत होती.

"बलकच लागतो ना?" तिने विचारलं. "आणि मला एक कोरडं फडकं काढून ठेव."