उलटं लागलेलं रीळ

दर रविवारी सकाळी दहाला मेश्रामकाका हुडकेश्वरच्या घरात खिडक्यांचे पडदे ओढून बारा खुर्च्या मांडत. येणारा मी एकटा. एकदा मी खुर्च्या एकावर एक रचायला लागलो, तर म्हणाले, "काहून उचलून राहिला गा? राहू दे. हाऊसफुल वाटते."

काका पूर्वी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सकाळच्या खेळाला विचित्र सिनेमे लागत. गाणं नाही, मारामारी नाही, एक माणूस नुसता चालतोय तर चालतोय. मालक वैतागे, प्रेक्षक जांभया देत आणि काका केबिनच्या झरोक्याला डोळे लावून खुळावत. तेच सिनेमे ते आता मला कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रोजेक्टरवरून भिंतीवर दाखवत. मी समोरचा भाडेकरू, बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला. मला निम्मे सिनेमे कळत नसत. पण रविवार खोलीत एकट्यानं काढण्यापेक्षा ते बरं होतं.

त्यांची एक गोष्ट मी वीसदा तरी ऐकली असेल. "एक डाव मी पाचव्याच्या आधी सहावं रीळ लावलं. पब्लिकले काही समजलंच नाही, वरून टाळ्या वाजवल्या! फक्त एक बाई केबिनपाशी आली. म्हणे, रीळ उलटं लागलं ना? मले राग नाही आला, आनंद झाला गा. कोणीतरी खरंच पाहून राहिलं होतं."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी लावलेल्या सिनेमात नायिकेनं एक पत्र चुलीत जाळलं आणि दहा मिनिटांनी तेच पत्र ती उघडून वाचू लागली. मला खटकलं. वाटलं, सिनेमाचे भाग मागेपुढे लागले, काकांचा हात आता चुकायला लागला. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा?

"कसा वाटला?" पडदे सारत त्यांनी विचारलं.

"मस्त!"

त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. मग स्वतःच खुर्च्या उचलू लागले.

त्याच महिन्यात काका गेले. त्यांच्या मुलीनं मला एक पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात तो सिनेमा दोनदा होता. एकाचं नाव 'सरळ'. दुसऱ्याचं, 'उलटा, नितीनसाठी'.

नितीन म्हणजे मीच. माझ्या शहाणपणाची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

आता रविवारी दहाला मी खोलीत तो उलटा सिनेमा लावतो. जळालेलं पत्र पुन्हा दिसलं की मोठ्यानं म्हणतो, "काका, रीळ उलटं लागलं ना?"